तेरा वर्षं आठच्या आसपास अडकलेलं हिमोग्लोबिन: कोल्हापुरातली एक केस

ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या आईनं फाईल काढायच्या आधी एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली, साडीच्या दुकानात देतात तसली, आणि आत काय तर लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. टॉनिकचे खोके, थेंबांच्या बाटलीचं झाकण, सगळं वर्षानुवर्षं जपलेलं. मी विचारलं, ताई हे कशाला आणलंय, तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण पहिलं तेच विचारणार, पोरगी गोळ्या खाते का, म्हणून आणलंय." आणि मी खरंच तेच विचारणार होते, तोंडापर्यंत आलेलं.

मी रक्तविकारांवर काम करते, त्यातही लोहावर, म्हणजे शरीर लोह आत कसं घेतं, साठवतं कसं आणि कुठे अडतं यावर. अर्धा दिवस पेशंट आणि अर्धा दिवस लॅब असं चालतं. घरच्यांची परवानगी घेऊन ही केस लिहितेय, नाव गाव शाळा तालीम काही सांगणार नाही, एवढंच सांगते की कोल्हापूरजवळचं खेडं आहे, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत आणि थोडा ऊस आहे.

पोरगी पंधरा वर्षांची, वजन ४६ किलो, उंची वयाप्रमाणे नीट, आणि कुस्ती करते. मॅटवर. वस्तादांनीच पाठवलेली, त्यांचं म्हणणं असं की पोरीच्या हातात डाव आहे, ताकद आहे, पण दुसऱ्या राउंडला दम तुटतो आणि ओठ पांढरे पडतात. मी तिला पहिल्या दिवसापासून पैलवान म्हणते, इथंही तेच म्हणते.

तर पैलवानाचे जुने रिपोर्ट मी तारखेनं लावले. दोन वर्षांची असताना हिमोग्लोबिन ७.२, सहाव्या वर्षी ७.८, बाराव्या वर्षी ७.६, आणि माझ्याकडे आली तेव्हा ७.९. मध्ये एकदा, नवव्या वर्षी, तापात ॲडमिट होती तेव्हा रक्ताची एक बाटली चढवलेली, त्यानंतर ९.६ झालं आणि चार महिन्यांनी परत ७.७. हा एक आकडा माझ्या डोक्यात राहिला, कारण की एका बाटली रक्तात २०० ते २५० मिलिग्राम लोह असतं, एवढ्याशा पोरीला ते बऱ्यापैकी झालं, चढवलेल्या पेशी आपलं १२० दिवसांचं आयुष्य संपवून मोडल्या तरी त्यांच्यातलं लोह शरीराबाहेर जात नाही, आपल्याकडे लोह बाहेर टाकायची वेगळी सोयच नाही. मग ते गेलं कुठे?

पण हे सगळं नंतर सुचलं. पहिल्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

सीबीसी केला. हिमोग्लोबिन ७.९, तांबड्या पेशी ५१ लाख, एमसीव्ही ५५. एमसीव्ही म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ते साधारण ८० ते १०० असायला पाहिजे. ५५ म्हणजे पेशी अगदी बारीक, आणि संख्या मात्र भरपूर. अशा वेळी आम्ही एक सोपा भागाकार करतो, एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येनं (५१ लाख म्हणजे ५.१) भागायचं, १९७३ साली मेंट्झर यांनी सुचवलेला आहे, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातल्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराचा, संशय, वर आलं तर लोहाची कमतरता. हिचं उत्तर १०.८. आणि मी त्याच दमात आईला सांगून टाकलं की बहुतेक थॅलेसेमिया मायनर आहे, आईवडिलांकडून आलेलं असतं, घाबरू नका. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, व्हायच्या आधी. नुसत्या थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन साडेनऊ-दहाच्या खाली सहसा जात नाही, हे मला माहीत असताना. ७.९ त्यात बसत नव्हतं आणि मी तो आकडा बघून न बघितल्यासारखा केला. आठ दिवस त्या घरात थॅलेसेमिया हा शब्द फिरत होता, आज्जी रोज रडत होती असं नंतर कळलं, आणि ते माझ्यामुळे.

एचपीएलसी आला, एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, २.१ टक्के. थॅलेसेमिया मायनरमध्ये हे साडेतीन-चारच्या वर जातं. आता इथं एक खाच आहे, लोहाची कमतरता असली की एचबीए-टू खाली येतं आणि मायनर झाकलं जाऊ शकतं, त्यामुळे फक्त पोरीच्या रिपोर्टवर भागत नाही, म्हणून आईवडील दोघांचं पण रक्त घेतलं. दोघांचेही एमसीव्ही व्यवस्थित, एचपीएलसी नॉर्मल. थॅलेसेमिया संपला. मी त्यांना बोलावून सरळ सांगितलं की मागच्या आठवड्यात मी घाईनं बोलले, ते चुकलं, तसं काही नाही. आई काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

मग लोहाचं पॅनेल, नीट, सकाळी उपाशीपोटी, दोन दिवस गोळी बंद ठेवून. सीरम आयर्न १४, टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहून न्यायची एकूण क्षमता, ३८०, म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ३.७ टक्के. रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या समजा शंभर, तर त्यातल्या चार पण भरलेल्या नाहीत, साधारण माणसात वीस ते पंचेचाळीस भरलेल्या असतात. आणि फेरिटिन ४८. फेरिटिन म्हणजे साठा. लोह खरोखर संपलेलं असतं तेव्हा फेरिटिन १५ च्या खाली जातं. ४८ ला साठा संपला असं म्हणता येत नाही. जुन्या फाईलमध्ये पण एका ठिकाणी फेरिटिन ५२ होतं आणि शेजारी कुणीतरी पेनानं लिहिलेलं, लोह पुरेसं आहे. तिथूनच गाडी भलत्या रुळावर गेली असणार, म्हणजे लोह पुरेसं आहे आणि तरी रक्त वाढत नाही, मग कधी खुराक कमी, कधी जंत, कधी पोरगी लबाड.

साठ्यात माल आहे आणि गाड्या रिकाम्या, असं चित्र बहुतेक वेळा दीर्घ आजारात दिसतं, टीबी असेल, संधिवात असेल, कुठेतरी सूज धरून राहिली असेल. आपल्याकडे टीबी पहिला बघावाच लागतो. सूज दाखवणारा सीआरपी दोनदा केला नॉर्मल, तसाच ईएसआर ठीक, छातीचा एक्सरे स्वच्छ. आतड्यातून शोषलं जात नसेल म्हणून सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतडं बिघडतं त्या आजाराची टेस्ट, निगेटिव्ह. हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू, निगेटिव्ह. शौचातून रक्त, नाही. जंताच्या गोळ्या तर शाळेतच होतात. पाळी तेराव्या वर्षी आली, तीन-चार दिवस, जास्त नाही, आणि आजार तर त्याच्या अकरा वर्षं आधीचा. शिसं पण तपासलं, कारण वडील फाउंड्रीतून कपड्यावर धूळ घेऊन घरी येतात आणि शिशानं पण पेशी बारीक होतात, तेही नॉर्मल.

इथं थांबून एक सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गोळ्यांनी रक्त वाढलं नाही की दुर्मिळ आजारच. तसं बिलकुल नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघालाय. ज्यांचं गोळ्यांनी वाढत नाही त्यांच्यात बहुतेकांना मळमळतं म्हणून गोळी सुटलेली असते, किंवा गोळी चहाबरोबर चाललेली असते, किंवा पाळीत इतकं जातं की गोळी पुरी पडत नाही आणि ते कुणाला सांगितलेलंच नसतं, किंवा मूळव्याध, किंवा सीलिॲक. गोळी रोज दोनदा दिली की जास्त फायदा हाही समज आहे, २०१५ आणि २०१७ साली स्वित्झर्लंडमधून मोरेटी, स्टॉफेल, झिमरमन यांचं काम आलं त्यात उलट दिसलं, एका डोसनंतर पुढचा दिवसभर शरीर आपणहून दार ओढून घेतं आणि दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात आत जातं. मी माझ्या साध्या पेशंटना आता बहुतेक दिवसाआडच देते. मुद्दा असा की आधी हे सगळं साधं तपासायचं. पैलवानाचं हे सगळं तपासून झालं होतं, आणि आईची पिशवी समोर होती.

मग एक जुनी आणि स्वस्त टेस्ट केली जी आता फार कुणी करत नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग माझ्यासमोर, माझ्या टेबलावर, तिला वजनाप्रमाणे किलोला ३ मिलिग्राम या हिशोबानं लोहाचं औषध पाजलं, साधारण १४० मिलिग्राम, आणि दोन तासांनी परत रक्त घेतलं. लोहाची भूक असलेल्या शरीरात या दोन तासांत सीरम आयर्न शंभरानं तरी उडी मारतं. हिचं १४ वरून १९. बस. पाच.

तो आकडा आला तेव्हा आई बाहेर बाकावर बसलेली. मी तिला आत बोलावून दाखवलं, म्हटलं ताई, मी स्वतः पाजलं, माझ्यासमोर प्यायली, आणि आत गेलं नाही. ती बाई तेव्हा रडली. थॅलेसेमियाचं ऐकून रडली नव्हती.

आता हे आत का जात नाही ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. शरीरात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम, त्यातलं दोन तृतीयांश तांबड्या पेशींतच. रोज नवं रक्त बनवायला २० ते २५ मिलिग्राम लागतं, पण जेवणातून रोज आत येतं फक्त एक ते दोन. बाकीचं कुठून, तर जुन्या पेशी प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी मोडतात आणि ते लोह परत फिरवतात. आतड्याच्या पेशीतून रक्तात यायला लोहाला एकच दार आहे, फेरोपोर्टिन, आणि मॅक्रोफेजमधून बाहेर पडायलाही तेच. या दाराचा ताबा हेप्सिडिन नावाच्या छोट्याशा हार्मोनकडे, २५ अमिनो आम्लांचं, यकृतात बनतं. २००० आणि २००१ च्या सुमाराला ते सापडलं, आणि २००४ मध्ये नेमेथ आणि गँझ यांच्या गटानं दाखवलं की हेप्सिडिन फेरोपोर्टिनला चिकटतं आणि ते दारच पेशीच्या आत ओढलं जाऊन नष्ट होतं. म्हणजे हेप्सिडिन वाढलं की दोन्हीकडची दारं बंद, कमी झालं की उघडी. लोह कमी पडलं की यकृतानं हेप्सिडिन बनवणं थांबवायचं, हा साधा नियम.

आणि हे थांबवायचं काम करतं एक एन्झाइम, मॅट्रिप्टेज-टू. यकृताच्या पेशीवर हिमोज्युव्हेलिन नावाचं प्रथिन असतं, ते "हेप्सिडिन बनवा" असा निरोप आत पोचवायला मदत करतं, आणि मॅट्रिप्टेज-टू ते कापून टाकतं म्हणजे निरोप थांबतो. हे एन्झाइम बनवणारं जनुक टीएमपीआरएसएस-सिक्स, २२ व्या गुणसूत्रावर. ते दोन्ही प्रतींत बिघडलेलं असेल तर कात्रीच नाही, निरोप चालूच राहतो, हेप्सिडिन बनतच राहतं आणि लोह असून दार बंद. या आजाराला इरिडा म्हणतात, लोहाला दाद न देणारा लोह-कमतरतेचा ॲनिमिया.

हे कळलं कसं ती गोष्ट मला फार आवडते. २००८ साली बॉयटलर बापलेकांच्या गटानं एका उंदरावरचं काम छापलं. अंगावरचे केस गळालेले आणि तोंडावरचे मात्र तसेच, मुखवटा घातल्यासारखा दिसायचा म्हणून त्याला मास्क उंदीर म्हणत. रक्त कमी, पेशी बारीक, हेप्सिडिन जास्त, आणि बिघाड निघाला याच जनुकात. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं अशा आजाराच्या घराण्यांमध्ये माणसातला बिघाड पण त्याच ठिकाणी दाखवला. बाप अर्नेस्ट बॉयटलर म्हणजे रक्तशास्त्रातलं मोठं नाव, १९२८ साली बर्लिनमध्ये जन्म, नाझींच्या काळात घरचे लोक अमेरिकेला निघून गेले. जीसिक्सपीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता शोधण्यात यांचा हात, आणि १९६० मध्ये त्यांनी एक अभ्यास छापला होता जो मला आजही उपयोगी वाटतो, ॲनिमिया नसलेल्या पण सतत थकलेल्या बायकांना लोह देऊन बघितलेला, म्हणजे बाई थकले म्हणते तेव्हा तिचं ऐकायचं, हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून हाकलायचं नाही, असं काम साठीच्या दशकात करणारा माणूस. आणि तो मास्क उंदराचा पेपर आला त्याच वर्षी ते वारले. मुलगा ब्रूस बॉयटलर, त्याला २०११ मध्ये नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी, प्रतिकारशक्तीवरच्या. पण उंदीर त्याच्या लॅबमधला आणि लोहाची नजर बापाची. एका केस गेलेल्या उंदराकडे कुणीतरी नीट बघितलं म्हणून मला शिरोलीच्या एका माणसाला त्याच्या पोरीचा आजार सांगता आला.

वडिलांना सांगायचं अवघड जाईल असं वाटलं होतं. मी म्हटलं, दादा, तुमच्या फाउंड्रीचंच धरा, भट्टीला रोज पंचवीस टन माल लागतो, त्यातलं चोवीस टन आतल्याच यार्डातलं भंगार, बाहेरून गाडीनं येतं एक टन. यार्डाचं आणि बाहेरचं गेट दोन्हीची किल्ली एकाच माणसाकडे आणि तो माणूस गेट उघडतच नाही. ते लगेच म्हणाले, "म्हंजे माल यार्डात पडून हाय आणि भट्टी थंड." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. मग विचारलं, "मग ओ मॅडम, सलाईनमधनं सोडलं तर? गेटचा प्रश्नच न्हाई." बरोबर विचारलं, पण उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे, कारण शिरेतून दिलेलं लोह पण आधी मॅक्रोफेजच उचलतात, म्हणजे क्रेननं भिंतीवरून माल टाकला तरी तो यार्डातच पडतो, तिथून भट्टीकडे जायला परत तेच गेट. पण यार्ड भरून वाहायला लागलं की थोडं थोडं झिरपतं, तेवढा फायदा होतो.

हेप्सिडिनची टेस्ट साध्या लॅबमध्ये होत नाही. आमच्याकडे संशोधनाच्या कामासाठी किट आणलेलं होतं, त्याच प्लेटवर साध्या लोह-कमतरतेच्या मुलींचे नमुने होते, तर घरच्यांची लेखी संमती घेऊन, पैलवानाला स्वतःला पण विचारून, तिचा नमुना त्यात लावला. बाकी मुलींचं हेप्सिडिन तळाला, मोजता येईल न येईल एवढं, तसंच असायला पाहिजे. हिचं सरळ वर. ३.७ टक्के सॅच्युरेशन असलेल्या शरीरात हेप्सिडिनचा मागमूस नसायला पाहिजे. प्लेट वाचली तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते, संध्याकाळ झालेली, परत एकदा नमुन्याचे नंबर ताडून बघितले, तीनदा बघितले. मागच्या वेळची घाई विसरलेली नव्हते, म्हणून कुणाला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेऊन परत लावला आणि तेच आलं.

जनुकाची तपासणी बाहेर पाठवली, पाच आठवडे लागले. टीएमपीआरएसएस-सिक्सच्या दोन्ही प्रतींत एकच बदल. आईवडिलांची एकेक प्रत बदललेली, एक चांगली, म्हणून त्यांना काही त्रास नाही.

आणि दोन्हीकडून तोच बदल का आला, तर नात्यातलं लग्न. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहेच, कोल्हापूर-सांगलीत तर सर्रास. या घरात आज्जीनं स्वतःच्या भावाची मुलगी सून करून आणलेली, त्यामुळे पोरीची आई सासूला आत्याच म्हणते. आज्जी त्या दिवशी मुद्दाम आलेली. तेरा वर्षं या आज्जीचं एकच चाललेलं, सुनेला पोरगी बघता येत नाही, गोळ्या वेळेवर देत नाही, खुराक करत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पोरीला न्यायला लावायची, घरात गूळ-शेंगदाणे, खारीक, आठवड्याला मटण, आणि तरी रक्त वाढत नाही म्हणजे आईचा हात वाईट. मी समजावून सांगितलं की एक बदल आज्जींच्या मुलाकडून आला आणि तोच एक आज्जींच्या भाचीकडून, म्हणजे बहुतेक दोन्हीचा उगम एकाच घरात. आज्जी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे माज्याच माहेरचं व्हय." मी म्हटलं, आज्जी, यात कुणाचाच दोष नाही, हा बदल कुणी मागून घेतलेला नाही, असे एकेक दोनदोन बदल प्रत्येकाच्याच अंगात असतात, माझ्याही असतील, जोडी जुळली की दिसतात. तिनं सुनेकडे बघितलं नाही, पण उठताना तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

धाकटा भाऊ आहे नऊ वर्षांचा, त्याचा सीबीसी केला, हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही ठीक, त्याला सोडून दिलं, त्याची जनुकं तपासायची काही गरज नाही. पैलवानाच्या लग्नाचा विषय आज्जीनं काढलाच, तर सांगितलं की नात्याबाहेर दिली तर तिच्या मुलांना आजार व्हायची शक्यता फार कमी, आणि तोवर अजून लई वर्षं आहेत.

उपचार. आयर्न सुक्रोज शिरेतून, दर वेळी २०० मिलिग्राम, असे पाच डोस. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ७.९ वरून ९.४, एमसीव्ही ५५ वरून ६१, सॅच्युरेशन ६ टक्के, आणि फेरिटिन ४८ वरून २६०. हे आकडे म्हणजे आजाराचं चित्रच आहे, साठा पाचपट झाला आणि रक्त दीड ग्रॅमनं वाढलं. ज्याला हा आजार माहीत नाही तो इथं दोन चुका करू शकतो, एक म्हणजे फेरिटिन २६० बघून लोह बंद करून टाकायचं, आणि दुसरी, हिमोग्लोबिन १२ व्हायलाच पाहिजे म्हणून शिरेतून ओतत राहायचं. दुसरी जास्त वाईट, कारण साठलेलं लोह पुढे यकृताला त्रास देऊ शकतं. आम्ही ठरवलंय की १२ च्या मागं लागायचं नाही, साडेनऊ-दहा राहिलं, वाढ नीट होतेय, शाळा आणि कुस्ती जमतेय तर बास, आणि फेरिटिन ५०० च्या वर जाऊ द्यायचं नाही. या आजारात लहानपणापासून शरीराला कमी रक्ताची सवय झालेली असते, पेशी ऑक्सिजन जास्त सहज सोडतात, म्हणून तर ७.९ वर ती दंड-बैठका मारत होती. हृदयाची टूडी इको करून घेतली, चांगली आहे, तेव्हाच कुस्तीला हो म्हटलं.

तिलाच विचारलं काय फरक वाटतो. म्हणाली, "जिना चढताना कानात आवाज यायचा तो बंद झाला." तेरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि तिला वाटायचं सगळ्यांनाच येतो. हे मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. मी पण पहिल्या भेटीत विचारलं नव्हतं.

शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात, ६० मिलिग्राम लोहाची, किशोरवयीन मुलींना, योजना चांगली आहे आणि चालूच राहायला पाहिजे. पण वर्गात हिमोग्लोबिन तपासणी झाली की हिचं नाव कमी रक्ताच्या यादीत सगळ्यात वर, आणि पुढं शेरा, गोळ्या अनियमित. दोन वर्षं तोच शेरा. बाईंचा पण काय दोष, वहीत तेवढाच रकाना असतो, गोळी खाल्ली आणि रक्त वाढलं नाही असं लिहायला जागाच नाही.

शेवटच्या भेटीला आई एकटीच आली, पोरगी सरावाला गेलेली. फाईल दाखवून झाली, पुढची तारीख झाली, तरी उठेना. मग म्हणाली, "मॅडम, एक कागद लिहून द्या की." मी विचारलं शाळेसाठी का. म्हणाली शाळेसाठी पण, घरासाठी पण. काय लिहू विचारलं तर म्हणाली, लिहा की पोरीनं गोळ्या खाल्ल्या होत्या.

मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं. आजाराचं नाव, तपासण्यांच्या तारखा, आणि खाली, पेशंटनं वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगितलेली औषधं नियमित घेतली आहेत, आजाराच्या स्वरूपामुळे ती लागू पडली नाहीत. सही, शिक्का. तिनं दोन झेरॉक्स काढून आणल्या, एक माझ्या फाईलला लावून गेली. पुढचा सुक्रोज तीन महिन्यांनी आहे, आधी फेरिटिन बघायचं, आणि तारीख वस्तादांना विचारून घेतलीय कारण मध्ये जिल्ह्याच्या कुस्त्या आहेत.